संगणकांची सावड

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ आहे. दिग्गीच्या परिसरात उगम पावणारी काळी नदी या तालुक्याच्या अरण्यातून वाट काढीत पुढे कारवारजवळ समुद्रास मिळते. तालुक्याचे जुने नाव सुपा. ते सुपा गाव काळीवरील धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. त्या पाण्यावर निर्माण होणारी वीज दूरदूरच्या शहरांचे दिवे लावते. आपल्या दारची संपत्ती आपल्या नकळत दुसऱ्याच्या कामी कशी येते, हे या भागातील माणसाला उदाहरणे देऊन समजावावे लागत नाही.

या डोंगरदऱ्यांत भ्रमणध्वनीचा संकेत सर्वत्र सारखा पोचत नाही. कोठे टेकडीच्या माथ्यावर, कोठे रस्त्याच्या एखाद्या वळणावर तो सापडतो, आणि दहा पावले पुढे गेले की नाहीसा होतो. 2020 साली साथीमुळे शाळा बंद पडल्या तेव्हा अशा जागा मुलांनी शोधून ठेवल्या होत्या. संकेत मिळाला तरी दिवसाला दीड-दोन जीबी असा मापून दिलेला शिधा असतो. तो संपला की अभ्यासही थांबतो. म्हणून संगणकाच्या व्यवहारातील एक प्रश्न, जो मोठ्या शहरात केवळ तात्त्विक वाटेल, तो येथे रोजच्या खर्चाचा होतो. आपले यंत्र आपल्या नकळत दुसऱ्यांसाठी राबत असेल तर त्याची किंमत कोण मोजतो, हा तो प्रश्न होय.

मराठी शेतकऱ्याला सावड ठाऊक आहे. एकाच्या दावणीला एक बैल, शेजाऱ्याच्या दावणीला दुसरा. दोघे मिळून जोत जुंपतात व आज तुझे शेत, उद्या माझे शेत असे नांगरून काढतात. इर्जिक तिच्याहून सढळ असते. ज्याचे काम अडले त्याने हाक द्यावी, गावाने औते घेऊन यावे, आणि दिवस मावळता त्याच्या घरी सर्वांनी जेवावे. या दोन्ही रीतींत बैल कोणाच्या शेतात गेला, किती वेळ राबला व केव्हा परत आला, हे बैलाच्या धन्याला माहीत असते. रात्री गोठ्यातून बैल सोडून नेला आणि पहाटे आणून बांधला, तर त्याला सावड म्हणत नाहीत. मग नेणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

संगणकांच्या जगात अशाच सावडीची एक पद्धत गेल्या चार-साडेचार दशकांत वाढली. तिला पीअर-टु-पीअर, म्हणजे बरोबरीच्यांचे जाळे, असे म्हणतात. एरवीची रीत अशी की कोठेतरी एक मोठे यंत्र असते, सर्व माहिती त्याच्या कोठारात असते, आणि लहान यंत्रे त्याच्या दारी जाऊन मागणी करतात. बरोबरीच्या जाळ्यात असे एक कोठार नसते. प्रत्येक यंत्र घेतेही आणि देतेही. एकाने घेतलेली वस्तू तो दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला. आणि घेणारे वाढले की देणारेही वाढतात. लहान माणसाला मोठ्या कोठाराच्या मालकावर अवलंबून राहावे लागू नये, हा या पद्धतीचा मोठा गुण. तिचा इतिहास मात्र एका चमत्कारिक विसंगतीने भरलेला आहे. ज्यांनी माणसाला कोठारवाल्याच्या हातून सोडविण्याची भाषा केली, त्यांनीच पुष्कळदा त्या माणसाच्या यंत्रावर त्याला न विचारता ताबा मिळविला.

प्रारंभी तसे नव्हते. 1979 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी एक योजना आखली, आणि 1980 साली तिचे यूझनेट नावाचे जाळे प्रत्यक्षात आले. एका विद्यापीठाचा संगणक दुसऱ्या विद्यापीठाच्या संगणकाला दूरध्वनी करी, बहुधा रात्री, कारण रात्रीचे दर कमी असत. आणि दिवसभरात जमलेले लेख दोघे एकमेकांना देत. मध्ये कोणी मुख्य अधिकारी नव्हता. प्रत्येक संगणकाचा एक व्यवस्थापक असे. कोणत्या शेजाऱ्याशी देवघेव ठेवायची, कोणत्या विषयाचे लेख घ्यायचे, ते किती दिवस जतन करायचे, हे तोच ठरवी. दूरध्वनीचे देयक त्याच्याच संस्थेला भरावे लागे. तेव्हा त्याला विचारल्यावाचून काही होणे शक्यच नव्हते. ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याच्याच हातात किल्ली होती. पुढे जे बिघडले ते मुख्यतः या दोन गोष्टींची फारकत झाल्यामुळे.

ही फारकत घडली ती संगणक घरोघर गेल्यावर. 1999 साली शॉन फॅनिंग या तरुणाचे नॅपस्टर निघाले. त्यात गाण्यांची यादी एका ठिकाणी असे, गाणी मात्र लोकांच्या घरच्या यंत्रांतून एकमेकांकडे जात. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांनी त्याच वर्षी न्यायालयात धाव घेतली आणि 2001 च्या जुलैत ते बंद पडले. त्या खटल्याची कथा सर्वश्रुत आहे. येथे तिचे प्रयोजन नाही. मार्च 2000 मध्ये नूटेला आले. त्यात मधली यादीही नव्हती. जस्टिन फ्रँकेल व टॉम पेपर यांनी ते प्रसिद्ध केले आणि त्यांच्या मालक कंपनीने ते लगोलग मागे घेतले. पण तेवढ्या अवधीत ते जगभर पसरले होते.

त्याच वर्षी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात एतान अदार आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी नूटेलाच्या वापराची मोजणी केली. तिचा निष्कर्ष असा की सुमारे 70 टक्के लोक एकही वस्तू दुसऱ्यांना देत नव्हते, आणि एकूण मागण्यांपैकी जवळजवळ निम्म्या मागण्यांना उत्तर देणारी यंत्रे शेकडा एक इतकीच होती. इर्जिकीला जेवायला सगळा गाव आणि औत घेऊन येणारा एखादाच, असा हा प्रकार. आज्ञावली रचणाऱ्यांच्या अडचणीविषयी येथे न्यायाने बोलले पाहिजे. माणसाच्या हाती 'देणे बंद' असे बटण दिले तर बहुतेक लोक ते दाबतात, आणि सर्वांनी दाबले तर जाळेच उरत नाही. ही भीती खोटी नव्हती. पण या भीतीला दोन प्रकारची उत्तरे दिली गेली, आणि दोहोंत फार अंतर आहे.

एक उत्तर ब्रॅम कोहेन यांचे. 2001 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या बिटटॉरेंटमध्ये मोठ्या वस्तूचे लहान लहान तुकडे पाडतात आणि ती घेणारे सर्वजण आपल्याजवळचे तुकडे एकमेकांना देतात. जो देतो त्याला लवकर मिळते. जो देत नाही त्याच्याकडे इतर यंत्रे पाठ फिरवितात. हीच सावडीची नीती. कोणावर बळजबरी नाही, पण हिशेब आहे. किती वेगाने द्यायचे याची मर्यादा घालण्याची सोय या पद्धतीच्या आज्ञावल्यांत प्रचलित झाली. आत किती आले आणि बाहेर किती गेले याचे आकडे पडद्यावर डोळ्यांसमोर असतात. या पद्धतीने चोरीचा मालही पुष्कळ वाहिला, हे खरे. परंतु यंत्राच्या धन्याशी तिने लपंडाव केला नाही.

दुसरे उत्तर काझाचे. निकलास झेनस्ट्रोम आणि यानुस फ्रीस यांचे काझा 2001 साली आले; त्याची घडण एस्टोनियातील तंत्रज्ञांनी केली होती. त्यात चांगली जोडणी असलेली यंत्रे निवडून त्यांच्यावर इतरांच्या मागण्या हाताळण्याचे अधिक काम सोपविले जाई. पुढे 2002 च्या एप्रिलमध्ये एका कंपनीने सरकारदरबारी सादर केलेल्या कागदपत्रांतून एक गोष्ट बाहेर आली. काझाबरोबर लोकांच्या संगणकांत आणखी एक आज्ञावली जाऊन बसली होती. त्या यंत्रांची साठवण, गणनशक्ती आणि जोडणी यांचे एक निराळे जाळे उभारून ते व्यापारासाठी वापरण्याचा तिच्या चालकांचा बेत होता. अटींच्या लांबलचक मजकुरात यासाठी संमतीचे कलम घातलेले होते. कायद्याच्या दृष्टीने लोकांनी होकार दिला होता. वस्तुतः आपण कशाला होकार दिला हे फार थोड्यांना माहीत होते.

याहून बोलका पुरावा एका छोट्या प्रयोगाने दिला. नेथनिएल गुड आणि आरन क्रेकेलबर्ग या अभ्यासकांनी बारा माणसांना काझापुढे बसविले आणि या यंत्रातून कोणकोणत्या वस्तू इतरांना खुल्या आहेत ते सांगा, असे विचारले. बारांपैकी केवळ दोघांना बरोबर उत्तर देता आले. हे लोक अडाणी नव्हते. काझाची मांडणीच अशी होती की गाणी उतरवून ठेवण्यासाठी जो कप्पा निवडावा तोच इतरांनाही खुला होई, त्याच्या पोटातील सर्व कप्प्यांसह. आणि पडद्यावर एका ठिकाणी एक चित्र, दुसऱ्या ठिकाणी दुसरेच. या अभ्यासकांनी जाळ्यावर शोध घेतला तेव्हा कित्येकांच्या खासगी पत्रांच्या पेट्या जगाला उघड्या असल्याचे आढळले. त्यांनी मुद्दाम ठेवलेली, खासगी हिशेब वाटावी अशी नकली कागदपत्रेही अनोळखी लोकांनी उतरवून नेली. त्यांचा निबंध 2003 साली प्रसिद्ध झाला. घराचे दार उघडे राहिले आणि घरातल्याला ते बंद दिसत होते, असा हा प्रसंग. अशा वेळी दोष घरातल्याचा नव्हे, दार बनविणाऱ्याचा मानला पाहिजे.

काझाच्याच मंडळींनी 2003 च्या ऑगस्टमध्ये स्काइप काढले. दूरच्या आप्तांशी फुकट बोलण्याची ती सोय होती. गोव्यातून, कारवारकडून आखातात गेलेल्यांच्या घरी तिचे मोल काय होते हे सांगावयास नको. तिचेही अंतरंग बरोबरीच्या जाळ्याचे होते. ज्याची जोडणी भक्कम, ज्याच्या वाटेत आडकाठी नाही, असे यंत्र स्काइप आपण होऊन हेरी व त्याला 'सुपरनोड' म्हणजे जणू पंचक्रोशीचा कारभारी करून टाकी. कोण कोठे आहे याचा ठाव त्याने ठेवायचा, इतरांच्या हाका त्याने पुढे पोचवायच्या. हा मान मिळाल्याचे धन्याला कळविले जात नसे आणि नाकारण्याची सरळ सोयही नसे. विद्यापीठांची जोडणी भक्कम असल्याने त्यांच्या यंत्रांवर हा भार पडू लागला, आणि काही विद्यापीठांनी स्काइपच्या वापरावर निर्बंध घातले. पुढे हे काम नाकारण्याची किल्ली देण्यात आली, परंतु सामान्य माणसाच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी ती नव्हती.

या व्यवस्थेचा पाया किती अनोळखी घरांवर उभा होता हे 16 ऑगस्ट 2007 रोजी दिसले. त्या सुमारास विंडोजची नवी दुरुस्ती येऊन जगभरची असंख्य यंत्रे थोड्या अवधीत बंद होऊन पुन्हा सुरू झाली. कारभारी यंत्रे एकदम उठून गेली आणि स्काइप सुमारे दोन दिवस कोलमडले. 22 डिसेंबर 2010 रोजी, ऐन नाताळच्या तोंडावर, पुन्हा तोच अनुभव आला. आज्ञावलीच्या एका आवृत्तीत दोष निघाला, कित्येक कारभारी यंत्रे एकदम गळाली आणि उरलेल्यांवर सारा भार आला. ज्यांच्या यंत्रांवर हा डोलारा उभा होता त्या लोकांना आपण खांब आहोत हे माहीतच नव्हते. तेव्हा त्यांनी यंत्र चालू ठेवावे अशी अपेक्षा तरी कशी करावी? 2012 साली मायक्रोसॉफ्टने हे सारे काम स्वतःच्या मोठ्या यंत्रांवर नेले. लोकांच्या डोक्यावरील भार उतरला खरा, पण बरोबरीही गेली. पुन्हा एक कोठार आणि त्याचा एक मालक. 5 मे 2025 रोजी त्या मालकाने स्काइप बंद केले.

ध्वनिक्षेपण करणाऱ्या संस्थाही यातून सुटल्या नाहीत. ब्रिटनच्या बीबीसीने 2007 साली आपले कार्यक्रम उतरवून घेण्याची सोय केली तेव्हा तिच्या पोटात बरोबरीचे जाळे होते. कार्यक्रम पाहून झाला, खिडकी मिटली, तरी एक आज्ञावली मागे जागी राही आणि तो कार्यक्रम इतरांना देत बसे. ज्यांना महिन्याचे माप ठरवून मिळत असे त्यांनी तक्रारी केल्या. जोडणी पुरविणाऱ्या कंपन्या निराळ्या कारणाने रागावल्या. 2008 च्या अखेरीस बीबीसीने ती पद्धत सोडली. लोकवर्गणीतून चालणाऱ्या संस्थेने आपला वाटपाचा खर्च नकळत लोकांच्याच जोडणीवर टाकावा, हे शोभणारे नव्हते.

2015 च्या जुलैत विंडोज 10 आले तेव्हा पुन्हा तोच खेळ नव्या पटावर मांडला गेला. दुरुस्त्यांचे गठ्ठे जगभर पोचविण्यासाठी घरगुती यंत्रांनी ते परस्परांना, अगदी अनोळखी यंत्रांनाही द्यावेत, अशी योजना त्यात होती आणि ती आधीपासूनच चालू स्थितीत होती. बंद करता येत असे, पण त्यासाठी चार दालने ओलांडून आत जावे लागे. मोठ्या उद्योगांना व शिक्षणसंस्थांना दिलेल्या आवृत्त्यांत मात्र ही देवघेव आपल्या आवारापुरतीच ठेवलेली होती. ज्यांच्या पदरी जाणते तंत्रज्ञ व वकील होते त्यांच्याशी सभ्यतेने वागणूक, आणि घरगुती माणसाला गृहीत धरणे, असा हा भेद होता. सभ्यतेची खरोखर गरज ज्याला अधिक, त्यालाच ती कमी मिळाली.

मापून मिळणाऱ्या जोडणीवरून हे वाटप करणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. परंतु जोडणी मापाची आहे हे यंत्राला कोणी सांगावे? जोयड्याच्या एखाद्या वाडीवरील विद्यार्थी वडिलांच्या भ्रमणध्वनीवरून आपल्या संगणकाला जोडणी देतो. संगणकाच्या लेखी ती इतर वायफायसारखीच. धन्याने आत जाऊन तशी खूण केली नाही, तर टेकडीवर बसून मिळविलेला दिवसाचा शिधा कोणा परक्याच्या यंत्राकडे रवाना होऊ शकतो, आणि मुलाला वाटते संकेतच गेला.

या तालुक्यासारख्या भागांत बरोबरीचे जाळे तसे नवे नाही. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू होऊन जोडणी स्वस्त झाली, त्यापूर्वी देशाच्या खेड्यांतून गाणी, भजने, चित्रपट हे हातोहात फिरत. कोणी शहरातून भरून आणलेले कार्ड असे. बसथांब्यावर, जत्रेत, लग्नघरी ते एका भ्रमणध्वनीतून दुसऱ्यात जाई, ब्लूटूथने किंवा पुढे शेअरइटसारख्या आज्ञावलीने. 29 जून 2020 रोजी भारत सरकारने ज्या 59 आज्ञावल्यांवर बंदी घातली त्यांत शेअरइटही होती. ब्लूटूथची रीत साधी होती. अमक्याच्या यंत्राकडून अमुक वस्तू येत आहे, स्वीकारायची काय, असा प्रश्न पडद्यावर येई, आणि हो म्हटल्यावाचून काही आत येत नसे. दोघे समोरासमोर उभे असत. देणारा कोण हे दिसत असे. इतकी सरळ संमती पुढच्या डामडौलाच्या आज्ञावल्यांत क्वचितच आढळते.

तथापि केवळ प्रश्न विचारल्यानेही काम भागत नाही, हे 2004 साली काबीर या उपद्रवी आज्ञावलीने दाखविले. ती नोकियासारख्या भ्रमणध्वनींत ब्लूटूथमार्गे पसरे. तीही आत येण्यापूर्वी विचारी. नाही म्हटले की पुन्हा विचारी, पुन्हा नाही म्हटले की पुन्हा. जवळपास बाधित यंत्र असेपर्यंत प्रश्नांचा हा मारा थांबत नसे, त्या अवधीत दुसरे काम सुचू नये. आणि शेवटी कंटाळून माणूस हो म्हणे. ऑगस्ट 2005 मध्ये हेलसिंकी येथील जागतिक मैदानी स्पर्धांच्या वेळी क्रीडागारातील गर्दीत तिची लागण झाली. तिला घालविण्याचा एक उपाय अगदी साधा होता: त्या जागेवरून उठून दूर जायचे.

हातोहात देण्याची ती सोय आज निराळ्या नावांनी नव्या यंत्रांत आहे. ॲपलच्या एअरड्रॉपमध्ये 'सर्वांकडून स्वीकारावे' असा पर्याय पूर्वी हवा तितका वेळ चालू ठेवता येई. गर्दीत अनोळखी लोक त्यातून नको ती चित्रे पाठवीत, तशीच चीनमध्ये निषेधाची पत्रकेही त्याच वाटेने फिरत. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने प्रथम चीनमधील यंत्रांत, व पुढच्या महिन्यात सर्वत्र, त्या पर्यायाला दहा मिनिटांची मर्यादा घातली. दार आता आपोआप मिटते. अधिक वेळ उघडे ठेवावे की नाही, हे ठरविण्याचा पर्याय धन्याला ठेवलेला नाही.